ट्रान्सप्लांटनंतर घरी आलोय, नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचं काय करायचं?

रानजाई | २७ मार्च, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

नवऱ्याचं किडनी ट्रान्सप्लांट होऊन आज ३४ दिवस झाले. घरी येऊन तीन आठवडे. क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) १.३ वर स्थिर आहे, लघवी व्यवस्थित, डॉक्टर खूश. डिस्चार्जच्या दिवशी जाडजूड फाइल मिळाली आणि तासभर समजावून सांगितलं. त्यातलं अर्धं मी लिहून घेतलं, अर्धं विसरले. आता घरी रोज एक नवा प्रश्न निघतो अन् दरवेळी कोऑर्डिनेटर मॅडमना फोन करायची लाज वाटते.

सध्याचा प्रश्न कूलरचा. आम्ही मानेवाड्याकडे, वरच्या मजल्यावर. स्लॅब असा तापतो की रात्री अकराला भिंतीला हात लावून बघावा. परवा दीर दरवर्षीप्रमाणे कूलरच्या ताट्या बदलायला बसले. जुनं वूडवूल ओढून काढलं तर आतून काळं-हिरवं, टाकीच्या तळाशी बोटभर गाळ, अन् तो वास! तेव्हा फाइलमधलं "बुरशी, धूळ, ओल यांपासून दूर" आठवलं. नव्या ताट्या लावल्या, टाकी घासून घेतली तर चालेल का? एसी नाही आमच्याकडे. मे महिन्यात ४५ पार गेल्यावर कूलर नाही तर मग काय, तेही सांगा.

दुसरं म्हणजे हे पाणी पीत नाहीत. चार वर्षं डायलिसिसवर होते, पाणी मोजून ८०० मिली. त्यासाठी एक छोटं स्टीलचं फुलपात्र ठरलेलं होतं. आता डॉक्टर तीन लिटर म्हणतात, तर हे अजून त्याच फुलपात्रातून दोन घोट घेतात आणि ते पालथं घालून ठेवतात. तांब्या भरून समोर ठेवला की म्हणतात, एवढं? सूज येईल.

तिसरं पाहुणे. त्यावर वेगळी कादंबरी होईल.

चौथं, काटोलहून संत्र्यांची पेटी आलीय, मृगाच्या बहाराची. नेटवर वाचलं की या गोळ्यांवर लिंबूवर्गीय फळं चालत नाहीत. पेटी तशीच पडून आहे अन् घरभर वास सुटलाय.

मला सध्या खाली वाकता येत नाही, जड उचलता येत नाही, त्यामुळे बरंचसं सासूबाई (वय ७१) आणि दीरच करून राहिले. अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

---

बिनमिठाचा | २७ मार्च, रात्री १०:१५

अभिनंदन. ३४ दिवसांत १.३ म्हणजे झकास.

मी ११ वर्षं जुना, धरमपेठेतला. माझी किडनी झेडटीसीसीच्या (मरणोत्तर अवयवदानाचं वाटप बघणारं केंद्र) यादीतून आली. रात्री अडीचला फोन आला होता. कुणाची ते मला माहीत नाही, सांगत नाहीत.

कूलर: नको. ताट्या नव्या असल्या तरी नको. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून ओढून सरळ तोंडावर फेकतो. ओल, ऊब आणि लाकडाचा भुसा हे तिन्ही बुरशीला पोषकच. निरोगी माणसाच्या फुप्फुसात रोज बुरशीचे कण जातात, शरीर त्यांना निपटतं. यांच्या शरीराचा पहारा आपणच गोळ्या देऊन झोपवून ठेवलाय, आणि पहिल्या सहा महिन्यांत तर डोस सगळ्यात जास्त. माझ्यासोबत वॉर्डात होते त्यांतल्या एकाला ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा न्यूमोनिया झाला होता. ते बघितल्यावर मी घरातली खसची ताटीसुद्धा काढून टाकली.

एका खोलीपुरता एसी घ्या. सेकंडहँड चालेल, पण लावण्याआधी पूर्ण उघडून धुऊन घ्या. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, आणि ते काम पेशंटनं करायचं नाही. गच्चीवर पांढरा चुना मारा, फरक पडतो. बाजूला बांधकाम किंवा सिमेंट रोडचं खोदकाम चालू असेल (नागपुरात ते कुठे नसतं?) तर त्या बाजूच्या खिडक्या बंद, बाहेर पडताना एन-९५.

---

पोट्टा_नागपुरी | २७ मार्च, रात्री १०:३२

वहिनी, काऊन टेन्शन घेऊन राहिल्या. कूलर म्हंजे नागपूरकराचा जीव, पण भाऊच्या जीवापुढं काय आहे तो. माह्या मावसभावाचं झालं होतं, त्यानं दोन उन्हाळे एसीत काढले अन् लाईटबिल पाहून दर महिन्याले रडला. पण आज गाडी चालवून राहिला.

---

स्पष्टवक्ता | २७ मार्च, रात्री ११:०५

असल्या गोष्टी अनोळखी लोकांना विचारण्यापेक्षा आपल्या डॉक्टरला विचाराव्यात. उद्या काही झालं तर इथलं कोण येणार आहे?

---

बिनमिठाचा | २७ मार्च, रात्री ११:२०

बरोबर आहे तुमचं, औषधाचा डोस इथे कुणी सांगणार नाही, सांगूही नये. पण ओपीडीत आपल्या वाट्याला पाच मिनिटं येतात. पालथं घातलेलं फुलपात्र त्या पाच मिनिटांत बसत नाही.

---

औषधपेटी | २८ मार्च, सकाळी ७:५०

मी फार्मासिस्ट आहे, दुकान इतवारीत. संत्र्यांबद्दल लिहितो कारण हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणीतरी विचारतंच.

मनाई आहे ती ग्रेपफ्रूटला. त्यात फ्युरानोकौमरिन नावाची द्रव्यं असतात. टॅक्रोलिमस (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून यांना देतात ती गोळी) पचवणारं जे एन्झाइम आतड्यात असतं, त्याला ती बंद पाडतात. मग तीच गोळी रक्तात जास्त उतरते, लेव्हल चढते, आणि चढलेली लेव्हल किडनीलाच मारते. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं कुणी खात नाही, पण त्याचा थोरला भाऊ पपनस खातो. तेव्हा पपनस बंद, आणि मार्मलेड नावाच्या विलायती जॅममध्ये वापरतात ते कडू संत्रंही बंद. आपलं नागपुरी संत्रं मँडरिन जातीचं, त्याची ही भानगड नाही. डाळिंबाचा रस बरेच डॉक्टर खबरदारी म्हणून टाळायला सांगतात, ते विचारून घ्या.

पण संत्र्यात पोटॅशियम असतं, आणि टॅक्रोलिमसनं पोटॅशियम वाढू शकतं. ताज्या रिपोर्टमध्ये ते हद्दीत असेल तर डॉक्टरांना विचारून दिवसाला एखादं द्या. साल धुऊन, घरी सोलून. रस नको, रसात चार-पाच फळं एका दमात पोटात जातात.

एक गंमत सांगतो. हे टॅक्रोलिमस १९८४ साली जपानमध्ये त्सुकुबाच्या मातीतल्या एका जीवाणूत सापडलं. नावातला 'ट' त्सुकुबाचाच. औषध निघालं मातीतून, आणि ते घेणाऱ्याला आपण सांगतो, कुंडीतल्या मातीत हात घालू नका.

---

रानजाई | २८ मार्च, दुपारी २:१०

औषधपेटी, कालच्या रिपोर्टात पोटॅशियम ४.६. मॅडमना फोन केलाच शेवटी, त्या म्हणाल्या एक द्या. ह्यांनी चार वर्षांत पहिल्यांदा पूर्ण संत्रं खाल्लं. डायलिसिसवर असताना एक फोड मिळायची, तीही डायलिसिसच्या दिवशी. काही बोलले नाहीत. साली खिशात ठेवल्या.

आता पाहुण्यांचं. आमच्याकडे माणूस आजारी पडला की भेटायला न जाणं म्हणजे वैर. पहिल्या आठवड्यात १९ माणसं आली, मी मोजली. प्रत्येकाच्या हातात सफरचंदं आणि प्रत्येकाला ह्यांच्या पलंगावरच बसायचं. ह्यांच्या एका चुलत काकांना सर्दी होती. मी दारात मास्क पुढे केला तर म्हणाले, "आम्ही काय परके आहोत?" अन् आठ दिवस सगळ्या नात्यात तेच सांगत फिरले.

शेवटी सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. व्हरांड्याच्या ग्रिलला आतून कुलूप. बाहेर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ह्यांची खुर्ची आतल्या दारात, मध्ये सात-आठ फूट. कोणी आलं की सासूबाई आधी स्वतः मास्क लावतात, मग म्हणतात, "दवाखान्यातून लिहून दिलंय, आईनंसुद्धा जवळ जायचं नाही." हे कुणीही लिहून दिलेलं नाही. पण ७१ वर्षांची आई मास्क लावून लांब बसलीय म्हटल्यावर पुढे यायची कुणाची छाती होत नाही. चहा बंद केला, त्यानं भेटीची वेळ आपोआप दहा मिनिटांवर आली.

---

वाळवण | २८ मार्च, दुपारी ४:४५

तुमच्या सासूबाईंना साष्टांग!

फुलपात्रावर उपाय सांगते. ते बदलू नका, त्यांच्या हाताला तेच सवयीचं आहे. किती मावतं ते मोजा. १५० मिली असेल तर वीस फुलपात्रं म्हणजे तीन लिटर. एका वाटीत वीस चिंचोके ठेवा, एक फुलपात्र झालं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. चार वर्षं मोजून प्यायलेला माणूस न मोजता पिऊ शकत नाही, त्याला मोजायला काहीतरी द्यायला हवं. माझ्या वडिलांना असंच पाजलं. आणि रात्री झोपायच्या आधी राहिलेले आठ चिंचोके एकदम संपवू देऊ नका, रात्रभर उठत बसतात.

---

निसर्गमित्र | २९ मार्च, सकाळी ९:१५

इतक्या केमिकल गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या म्हणजे शरीराची वाट लागते. सोबत गुळवेलीचा काढा सुरू करा. प्रतिकारशक्ती वाढेल, इन्फेक्शनच होणार नाही, मग कूलर काय अन् पाहुणे काय. आमच्या ओळखीत बऱ्याच जणांना गुण आला.

---

औषधपेटी | २९ मार्च, सकाळी ९:४०

कृपया हे करू नका.

यांची प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणूनच तर या गोळ्या आहेत. शरीराच्या दृष्टीनं नवी किडनी परकी. पहारा जागा झाला की तो सगळ्यात आधी तिच्यावर तुटून पडणार, त्यालाच रिजेक्शन म्हणतात. "इम्युनिटी वाढवणारं" जे जे काही असेल, काढा, चूर्ण, रस, ते या घरात येता कामा नये. शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्या होत्या. तुमच्या ओळखीतल्यांना गुण आला असेल, त्यांच्या पोटात दुसऱ्याची किडनी नव्हती.

---

निसर्गमित्र | २९ मार्च, सकाळी १०:०२

ॲलोपॅथीवाल्यांना आपल्या शास्त्राची ॲलर्जीच असते. असो.

---

पोट्टा_नागपुरी | २९ मार्च, सकाळी १०:१०

असो म्हणून निघाले भाऊ 😄

---

संत्राबर्फी | २९ मार्च, रात्री ८:३०

माझ्या मोठ्या भावाचं सहा वर्षांपूर्वी झालं, आईनं दिली. दोन गोष्टी आम्ही ठेच लागून शिकलो, त्या लिहिते.

पहिली. चौथ्या महिन्यात त्याला जांघेत गजकर्ण झालं. गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेला, त्यांनी बुरशीवरच्या गोळ्या लिहून दिल्या. "मी ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे" हे भावानं सांगितलं नाही, त्याला वाटलं खाजेचा आणि किडनीचा काय संबंध. दहा दिवसांत हात इतका थरथरायला लागला की चहाची बशी वाजायची. लेव्हल करून बघितली तर दुपटीच्या वर. त्या गोळ्यासुद्धा टॅक्रोलिमसला शरीरात अडवून ठेवतात. काही अँटिबायोटिक्सचंही तसंच, आणि टीबीच्या एका औषधाचं बरोबर उलटं, लेव्हल पाडतं. तेव्हापासून भावाच्या पाकिटात कार्ड असतं, आणि दाताच्या डॉक्टरपासून केमिस्टपर्यंत कुणीही काहीही दिलं की आधी नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) फोटो जातो. दुखण्यावर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन कधीच नाही. पॅरासिटामॉल, तेही विचारून.

दुसरी. आम्हाला वाटायचं जुलाब झाले तर औषध वाहून जाईल, लेव्हल कमी येईल. उलट होतं. आतडं बिघडलं की टॅक्रोलिमस जास्त शोषलं जातं, लेव्हल वाढते, वर अंगातलं पाणी कमी, दोन्हीचा मार किडनीवर. सीताबर्डीच्या बाजारात एक प्लेट पाणीपुरी खाल्ली होती त्यानं, चोरून. त्या प्लेटीपायी तीन दिवस ॲडमिट. पहिलं वर्ष तरी बाहेरचं पाणी, चटणी, कापून ठेवलेली फळं, कच्ची मोड आलेली कडधान्यं, काहीच नको. सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) खायची इच्छा झाली तर सांबार तीन पाण्यांनी धुऊन घरी करा अन् कढईतून थेट ताटात.

लेव्हलच्या दिवशी सकाळची गोळी घेऊन जाऊ नका, सोबत न्या. आधी रक्त, मग गोळी. आम्ही पहिल्यांदा उलटं केलं, रिपोर्ट बघून सगळ्यांची झोप उडाली. आणि गोळीची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका, केमिस्ट "सेमच आहे ताई" म्हणाला तरी.

---

औषधपेटी | २९ मार्च, रात्री ९:०५

शेवटच्या वाक्याला केमिस्ट म्हणून अनुमोदन.

---

निंबोणी | २९ मार्च, रात्री ९:५०

सगळे ह्यांच्याबद्दल लिहिताहेत. रानजाई, तुम्ही पहिल्या पोस्टच्या शेवटी लिहिलंत की तुम्हाला खाली वाकता येत नाही, जड उचलता येत नाही.

किडनी तुम्ही दिलीत का?

---

रानजाई | २९ मार्च, रात्री १०:०१

हो.

---

कितीजण_तरी, पोट्टा_नागपुरी, वाळवण, वर्धेकर आणि इतर

दंडवत / सलाम वहिनी / आधुनिक सावित्री / __/\__

---

निंबोणी | २९ मार्च, रात्री १०:२०

मीही दिलीय, लहान बहिणीला, आठ वर्षं झाली. म्हणून ती ओळ दिसली. तुम्ही कशा आहात?

---

रानजाई | ३० मार्च, पहाटे १:३५

झोप येत नव्हती, लिहूनच टाकते. आधी एक विनंती, सावित्री वगैरे नको. मला आरती नको, कोणी भांडी घासायला येत असेल तर या.

ह्यांचा गट बी, माझा ओ. सासूबाईंना बीपी, दिरांना शुगर. म्हणजे उरले मी. विचार फार केला नाही. कायद्यात नवरा-बायको जवळच्या नात्यात धरतात, तरी समितीपुढे जावं लागलं. लग्नाचं सर्टिफिकेट, मुलीचा जन्मदाखला अन् लग्नाचा अल्बमसुद्धा नेला. एका मॅडमनी मला एकटीला बसवून विचारलं, "कुणी जबरदस्ती केली का?" हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत घरात कुणी विचारला नव्हता. जबरदस्ती नव्हती. पण कुणी विचारलं याचं बरं वाटलं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटाला तीन भोकं आणि खाली एक आडवी चीर. चौथ्या दिवशी घरी पाठवलं, हे तिथेच होते. पहिले चार दिवस पोटापेक्षा उजवा खांदा दुखला, मला वाटलं हार्टचं काही निघालं. कुणी आधी सांगितलंच नव्हतं की पोटात भरलेल्या गॅसनं तसं होतं. खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची, हे शेजारच्या खाटेवरच्या बाईनं शिकवलं.

हे घरी आले तेव्हा मी तेरा दिवसांची होते. फाइल ह्यांची, गोळ्यांचा डबा ह्यांचा, वजन-बीपी-ताप-लघवीची वही ह्यांची. मी ती वही भरते. लोक ग्रिलबाहेर बसून विचारतात, "काय म्हणते किडनी?" ह्यांना विचारतात. माझ्याकडे बघून ह्यांची एक आत्या म्हणाली, "बाईची जात चिवट असते, ती तर कामालाही लागली." मी तेव्हा चहाचा ट्रे धरून उभी होते. चहा बंद व्हायचं खरं कारण तो ट्रे आहे, काल मी भेटीची वेळ वगैरे लिहिलं ते निम्मंच.

परवा माझं रक्त तपासलं. आधी क्रिएटिनिन ०.७ होतं, आता १.१ आलं. ह्यांचं १.३ आलं तर घरात पेढे वाटले. माझं १.१ मी कुणाला सांगितलंच नाही. ते बरोबर आहे की काही बिघडलंय?

हिशेब असाय की ह्यांच्या जुन्या दोन तशाच ठेवल्यात, माझी खाली उजवीकडे बसवली. म्हणजे ह्यांच्या पोटात तीन अन् माझ्या एक. आमच्या घराच्या इतर वाटण्याही अशाच झाल्यात. 😊

---

निंबोणी | ३० मार्च, सकाळी ६:५०

तो शेवटचा विनोद वाचून चहा सांडला.

आता नीट वाचा. दोनाचं काम एकटीवर आलं की क्रिएटिनिन थोडं वर जाऊन बसतं, ०.७ चं १.१ अपेक्षितच आहे. उरलेली किडनी पुढच्या महिन्यांत जराशी मोठी होते, कामाची सवय करून घेते. माझं आठ वर्षांपासून १ च्या आसपास फिरतंय. पण "अपेक्षित आहे" हे तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकून घ्या. तुमच्या नावाची वेगळी फाइल आणि वेगळी अपॉइंटमेंट मागा, ह्यांच्या अपॉइंटमेंटच्या शेवटी "अन् माझंही बघा" असं नाही. दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, आयुष्यभर. डायक्लोफेनॅक जसं ह्यांना नको तसं तुम्हालाही नको, ते मात्र आपल्याला फारसं कुणी बजावत नाही.

सहा आठवडे होईपर्यंत पाण्याची बादली, गव्हाचा डबा, सिलिंडर, गादी, कशालाही हात लावायचा नाही. चीर आतून भरायला वेळ लागतो, हर्निया झाला तर दुसरं ऑपरेशन. ट्रेसुद्धा नको.

आणि तो रात्री दीडचा जागेपणा. मला तिसऱ्या महिन्यापर्यंत होता. बहीण बरी होत गेली तसं घर हळूहळू आपापल्या कामाला लागलं, अन् मला एकदम रिकामं वाटायला लागलं. कुणाला सांगितलं तर म्हणायचे, अगं आनंद मान. आनंद होताच, दोन्ही होतं. मी शेवटी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरशीच बोलले, त्यांनी तिथल्याच समुपदेशकाशी गाठ घालून दिली. तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) करतेय, कधीही लिहा, पहाटेसुद्धा.

---

बिनमिठाचा | ३० मार्च, सकाळी ८:१५

निंबोणी, हे ११ वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, कारण मला देणाराच या जगात नव्हता.

रानजाई, ह्यांच्यावर चिडचिड करतात का? स्टिरॉइडचा डोस जास्त असतो तोवर भूक, जागरण आणि राग, तिन्ही वाढतात. तोंड सुजल्यासारखं गोल दिसतं. मी त्या महिन्यांत बायकोवर वरण पातळ झालं म्हणून ओरडलो होतो. डोस उतरला तसा मीही उतरलो. कारण सांगतोय, माफी मागा म्हणायचं काम त्यांचं त्यांनी करावं.

---

वर्धेकर | ३० मार्च, दुपारी १२:००

थोडं रुक्ष, पण उपयोगाचं. जुन्या कररचनेत विवरण भरत असाल तर आयकराच्या १९६१ च्या कायद्यातल्या ८०डीडीबी कलमाखाली उपचाराच्या खर्चाची वजावट मिळते, ४० हजारांपर्यंत, पेशंट ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाख. तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. केमिस्टची बिलंही फेकू नका, त्यांची शाई उडते, झेरॉक्स काढून ठेवा. बाहेरगावाहून डायलिसिस किंवा ट्रान्सप्लांटसाठी येणाऱ्यांना रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे, स्लीपरला ७५ टक्के, सोबतच्या एका माणसालाही. गोंदिया-चंद्रपूरकडच्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं.

---

रानजाई | ६ एप्रिल, रात्री ९:२०

सगळ्यांना एकदम उत्तर देते.

माझी वेगळी अपॉइंटमेंट घेतली. १.१ ठीक आहे, लघवीत प्रोटीन नाही, बीपी १२०/७८. डॉक्टर म्हणाले दर वर्षी यायचं. माझी फाइल आता टीव्हीवर ह्यांच्या फाइलीशेजारी आहे, पातळशी.

चिंचोके चालू. फुलपात्र १५० चंच निघालं. ह्यांना हिशेब इतका आवडला की वहीत वेगळा रकाना आखला. काल संध्याकाळी सातला सोळा झाले होते. सासूबाईंनी दोन चिंचोके गुपचूप सरकवले, ह्यांनी पकडलं, दोघांचं जोरदार भांडण झालं. चार वर्षांत ह्या घरात पाण्यावरून पहिल्यांदा असं भांडण झालं की पाणी जास्त प्यायला मिळावं.

डीजे स्टेंट (ऑपरेशनच्या वेळी मूत्रमार्गात ठेवलेली तात्पुरती नळी) पुढच्या आठवड्यात काढणार. हातातला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडून केलेली रक्तवाहिनी) अजून घुरघुरतोय. रात्री ह्यांचा हात माझ्या उशीशी असतो, कानाला मांजर झोपल्यासारखं ऐकू येतं. डॉक्टर म्हणाले असू द्या, बंद करायची घाई नाही.

हा धागा मी ह्यांना वाचायला दिला. १:३५ च्या पोस्टपाशी बराच वेळ थांबले. मग उठून भांडी घासायला गेले. मी म्हटलं, अहो टाके आहेत, तर म्हणाले तुलाही आहेत. वाद घातला नाही. शेवटी दिरांनी घासली.

---

निंबोणी | ६ एप्रिल, रात्री ९:४५

❤️

---

रानजाई | २४ मे, दुपारी ३:३०

बऱ्याच जणांनी व्यनित विचारलं म्हणून धागा वर काढतेय. उद्यापासून नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. आज ४५. गच्चीवर चुना मारला, बेडरूमला सेकंडहँड एसी लावला. सगळं घर त्या एका खोलीत: हे, मी, मुलगी, सासूबाई, दीर, अन् दुपारच्या वेळी खालच्या काकूसुद्धा, मास्क लावून. बिल अजून यायचंय, त्यावर मौन.

मध्ये एकदा क्रिएटिनिन १.६ झालं होतं. काळजाचं पाणी झालं. निघालं एवढंच की लग्नाला गेले होते, बाहेरचं पाणी पिऊ नका म्हटलं तर पाणीच प्यायले नाहीत. सलाइन लावलं, तीन दिवसांत १.३. आता कुठेही निघाले की घरच्या पाण्याची बाटली अन् खिशात चिंचोके.

---

पोट्टा_नागपुरी | २४ मे, दुपारी ४:०५

लै भारी वहिनी. एक विचारू? तो कूलर पडून असंन तर विकून राहिल्या का? पोराच्या खोलीसाठी पाहून राहिलो.

---

रानजाई | २४ मे, दुपारी ४:२०

उशीर केलात भाऊ. दिरांनी पडक्या भावात खालच्या भाडेकरूला दिला. नव्या ताट्यांसकट.